महिनाभराच्या वर्गात सुतारकाम कितपत शिकता येते? मराठवाड्यातील अनुभव हवे आहेत

वखरवाट (धागाकर्ता)

नमस्कार. जिंतूर तालुक्यातील आमच्या गावी परतून मला आता दोन वर्षे होतील. त्याआधी नऊ वर्षे मी पुण्याला एका कारखान्याच्या भांडारात नोकरी केली. घरची शेती कोरडवाहू आहे. सोयाबीन आणि तुरीला पाऊस वेळेवर मिळाला तर वर्ष निघते, नाही तर दिवाळीनंतर हात रिकामे राहतात. गावात पूर्वी सुतारांची दोन घरे होती. एका घरातले म्हातारबाबा वारले आणि दुसऱ्या घरातली मुले फर्निचरच्या कामावर संभाजीनगरला गेली. आज साधा कडी-कोयंडा बसवायचा असला तरी तालुक्याहून माणूस आणावा लागतो, आणि तासाभराच्या कामासाठी तोही यायला राजी नसतो. हे काम आपणच शिकून घ्यावे असे मनात आले, म्हणून गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी मी एका संस्थेचा तीस दिवसांचा मोफत वर्ग पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शिकवणारे मिस्त्री मनापासून शिकवत होते आणि दोष त्यांचा नव्हता.

वर्ग रोज चार तासांचा, म्हणजे कागदोपत्री १२० तासांचा होता. पहिले सहा दिवस फळ्यावरची अवजारांची चित्रे, उद्योजकता आणि व्यक्तिमत्त्व विकास यांत गेले. आम्ही बावीस जण होतो आणि रंधे पाच होते. त्यांतील दोन रंध्यांची पाती इतकी बोथट होती की लाकूड तासले जाण्याऐवजी घासले जात होते. भांडारातली सवय असल्यामुळे मी वहीत रोजची नोंद ठेवत गेलो. तीस दिवसांत माझ्या स्वतःच्या हातात अवजार होते, असे तास भरले एकोणीस. बाकीचा वेळ पाळी येण्याची वाट पाहण्यात आणि दुसऱ्याचे काम बघण्यात गेला. बघूनही काही कळते हे मान्य आहे, पण पोहणे काठावरून शिकण्याइतकेच.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने एक चौरंग केला. माझा चौरंग घरी आणल्यावर आईने त्यावर कळस ठेवला, तो डुलला, आणि तिने एक अक्षर न बोलता एका पायाखाली जुन्या पोस्टकार्डाची घडी सरकवली. प्रमाणपत्र मात्र उत्तम छापलेले आहे.

आता पुढे काय करावे हे समजत नाही. आणखी एखादा वर्ग करावा, की कोणा मिस्त्रीच्या हाताखाली राहावे? पीएम विश्वकर्मा योजनेतून पेटीभर अवजारे मिळतात असे गावात बोलले जाते, त्यासाठी हे प्रमाणपत्र चालेल का? माझे वय चौतीस आहे, ते या कामासाठी फार झाले का, हेही जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

गुण्या

आपली नोंदवही मला फार आवडली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा शिल्पनिदेशक म्हणून माझी सव्वीस वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर दोन-तीन ठिकाणच्या अल्पमुदतीच्या वर्गांवरही मी शिकवले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की वर्ग किती दिवसांचा आहे हा प्रश्न दुय्यम आहे. प्रवेश घेण्याआधी संस्थेला एवढेच विचारावे की एका विद्यार्थ्याला वाया घालवायला तुम्ही किती लाकूड देता. जो चालक या प्रश्नाने गोंधळतो, त्याच्याकडे जाऊ नये. सुतारकाम लाकूड बिघडवूनच शिकले जाते, आणि मोफत वर्गाच्या अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री लागते ती लाकडालाच, कारण खुर्च्या, पडदा आणि प्रमाणपत्रे छायाचित्रात दिसतात, ढलप्या दिसत नाहीत.

आयटीआयमधील सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असून त्याला आठवी उत्तीर्ण विद्यार्थी बसू शकतो. त्या वर्षातील पहिले कित्येक आठवडे आम्ही मुलांकडून वस्तू अशी काही करूनच घेत नव्हतो. एक ओबडधोबड तुकडा हातात द्यायचा आणि सांगायचे की याच्या चारही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात करून आण. आधी एक तोंड सपाट करायचे, मग त्याला गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून शेजारची कड काटकोनात आणायची, आणि त्या दोन बाजूंवरून रेघा मारून जाडी व रुंदी काढायची. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मुलगा गुण्या लावतो, फटीतून उजेड दिसतो, पुन्हा रंधा मारतो, आता दुसऱ्या टोकाला उजेड दिसतो, आणि असे करता करता दोन इंचांचा तुकडा सव्वा इंचाचा होतो. त्या तुकड्यात तो जे शिकतो ते कोणत्याही व्याख्यानात सांगता येत नाही. त्याच्या हाताला कळते की रंधा सुरू करताना जोर पुढच्या मुठीवर आणि शेवटी मागच्या मुठीवर हवा, नाही तर टोके खाली उतरतात.

त्याहीआधीची गोष्ट धारेची आहे. आपण लिहिले आहे की दोन रंध्यांची पाती बोथट होती. माझ्या मते त्याच क्षणी वर्ग थांबवून धार लावणे शिकवायला हवे होते, आणि तो त्या महिन्यातील सर्वांत मोलाचा दिवस ठरला असता. पात्याचा उतार चाकावर २५ अंशांचा घासतात आणि मग धारेच्या दगडावर ३० अंशांनी फक्त टोकाची कड तयार करतात. दगडावर तेल टाकून पाते आठच्या आकड्यासारखे फिरवायचे म्हणजे दगडाला एकाच जागी खड्डा पडत नाही. कड तयार झाली की पात्याच्या सपाट बाजूला नखाला अडकेल अशी बारीक किनार उलटते. ती सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून काढून टाकायची. एवढे साधले की रंध्यातून कागदासारखा कीस निघतो, आणि न साधले तर माणूस स्वतःलाच दोष देत बसतो की आपल्या मनगटात जोर नाही.

चौतीस हे वय मुळीच जास्त नाही. माझ्या अनुभवात सोळा वर्षांच्या मुलापेक्षा मोठ्या माणसाला मोजमाप लवकर समजते, फक्त चूक झाली की तो जास्त खजील होतो. तेवढे सोडून द्यावे.

सेतूवाला

मी तालुक्याच्या गावी जनसेवा केंद्र चालवतो आणि पीएम विश्वकर्माचे बरेच अर्ज माझ्या हातून गेले आहेत, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली (आपल्याकडचा मुक्तिसंग्राम दिन त्याच तारखेचा, त्यामुळे ती माझ्या लक्षात राहिली). त्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक आहे. परंतु ही योजना हाताने आणि अवजारांनी तो व्यवसाय आधीपासून स्वतः करणाऱ्या कारागिरासाठी आहे. एखाद्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून कोणी तिला पात्र ठरत नाही. ग्रामपंचायत पहिली पडताळणी करते, त्यानंतर जिल्हा समिती पाहते. आपला शेजारी सुतार आहे की नाही हे सरपंचाला माहीत असते, तेव्हा खोटे लिहून उपयोग होत नाही आणि लिहूही नये.

पात्र ठरणाऱ्याला पाच ते सात दिवसांचे, म्हणजे ४० तासांचे मूलभूत प्रशिक्षण मिळते. पुढे हवे असल्यास १५ दिवसांचे, १२० तासांचे प्रगत प्रशिक्षण असते. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर मिळते. त्यानंतर ५ टक्के व्याजाने पहिले १ लाख रुपयांचे कर्ज असते, ते अठरा महिन्यांत फेडायचे. ते नीट फेडले तर पुढे २ लाखांचे मिळू शकते. वय किमान अठरा हवे, कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो आणि घरात सरकारी नोकरी नसावी.

आपल्यासारख्या नव्याने शिकणाऱ्याने जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे ज्याला सगळे आरसेटी म्हणतात तिथे, चौकशी करावी. या संस्था बँका चालवतात. ठरावीक वयोगटातील ग्रामीण उमेदवारांना तिथे राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळते. मात्र प्रत्येक संस्थेचे वर्षाचे वेळापत्रक वेगळे असते आणि त्या वर्षी सुतारकामाची तुकडी आहेच असे नाही. जाऊन फलक वाचावा, फोनवर मिळणाऱ्या उत्तरावर विसंबू नये.

तिफण

मी औसा तालुक्यातला सुतार. आमच्या घरात हे काम किती पिढ्यांचे आहे ते कोणी मोजलेले नाही. धाग्यात शिकलेली माणसे दिसतात, त्यामुळे लिहावे की नाही असे वाटत होते, पण गुण्या सरांचे धारेबद्दलचे लिहिणे वाचले आणि लिहावेसे वाटले. धारेबद्दल सर म्हणतात ते खरे आहे. अंश वगैरे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, वडील पात्यावर अंगठा ठेवून फक्त ‘अजून’ असे म्हणायचे.

वर्गाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्याकडे शिकणे हंगामाप्रमाणे चाले. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत औतकाठीची दुरुस्ती, म्हणजे वखर, तिफणी, जू, सगळे गाव दारात असायचे. पोळ्याआधी बैलगाड्या यायच्या. खळे झाले की बलुते मिळायचे आणि मग थंडीत चौकटी, दारे, पाळणे. मुलाला पहिली दोन वर्षे करवत धरायला आणि तिफणीचे फण ठोकायलाच ठेवायचे. चाडे (तिफणीवरचे, बी सोडायचे भोकांचे लाकडी भांडे) मात्र वडील कोणाला हात लावू देत नसत. चाड्याच्या भोकांचा उतार सारखा नसला तर एका तासात (पेरलेल्या ओळीत) बी दाट पडते आणि शेजारच्या तासात विरळ, आणि ती चूक पंधरा दिवसांनी उगवून सगळ्या गावाला दिसते. असे शिकवणारा वर्ग कुठे आहे ते मला सांगावे.

पण हे सगळे आता राहिले नाही, हेही खरे. पेरणी ट्रॅक्टरने होते, गाडीला टायर आले. घरांचे म्हणाल तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्या भागात माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे) घर बांधायला कोणी धजावले नाही. माझे आजोबा खणांची घरे उभारायचे. आमच्या गावात दगड-मातीच्या भिंती पडल्या आणि माळवदाचे ओझे खाली आले, पण आजोबांनी उभे केलेले काही खांब आणि तुळया जागेवरच होत्या. त्यानंतर लोकांनी ते सागवान उपसून विकले. आजही जुन्या वाड्याचे लाकूड विकत मिळते आणि ते नव्यापेक्षा चांगले, कारण ते ऐंशी-ऐंशी वर्षे वाळलेले असते. फक्त करवत लावण्याआधी आत मोडलेला खिळा आहे का ते चुंबक फिरवून पाहावे, नाही तर एका क्षणात पाते जाते.

वर्गातून आलेल्या मुलांची मला एक अडचण वाटते. त्यांना लाकडाचा हिशेब येत नाही. सात बाय तीनच्या चौकटीला किती लाकूड लागेल असे विचारले की ते मोबाइल काढतात. दोन उभे सात-सात फुटांचे, वरची पट्टी आणि उंबरठा तीन-तीन फुटांचे, असे वीस फूट झाले. चार इंच रुंद, अडीच इंच जाड, म्हणजे दहा. दहा गुणिले वीस दोनशे, त्याला १४४ ने भागले की १.३९ घनफूट. हा हिशेब तोंडी आला नाही तर वखारीत माणूस रोज फसतो. शिवाय वखारवाला रंधण्याआधीच्या मापाचे पैसे लावतो. रंधून प्रत्येक बाजूने एक सूत गेले तरी ते आपल्याच खिशातून जाते.

कोरडवाहू_७२

सूत म्हणजे नेमके किती? आमच्याकडे सगळे म्हणतात, पण टेपवर ते कुठे लिहिलेले दिसत नाही.

गुण्या

इंचाचे आठ भाग केले की त्यातील एक भाग म्हणजे एक सूत, साधारण ३.२ मिलिमीटर. टेपवर इंचाच्या बाजूला मधल्या उंचीच्या रेघा असतात त्या मोजाव्यात. वर्गात आम्ही मिलिमीटर शिकवतो आणि बाहेर मिस्त्री ‘पावणेतीन इंच एक सूत’ असे ओरडतो, त्यामुळे विद्यार्थ्याला दोन्ही भाषा यायला हव्यात. अनेक मुले केवळ या कारणाने पहिल्याच आठवड्यात साइटवर हिरमुसलेली मी पाहिली आहेत.

तिफण यांच्या लेखनाशी मी जवळपास पूर्ण सहमत आहे. एकच भर घालतो. दोन वर्षे करवत धरायला लावणारी पद्धत घरातल्या मुलाला परवडत होती, कारण त्याचे जेवण त्याच घरात होते. बाहेरच्या माणसाला आणि विशेषतः संसारी माणसाला ती दोन वर्षे कोण देणार? अल्पमुदतीचा वर्ग त्या दोन वर्षांची जागा घेत नाही, परंतु मिस्त्रीच्या दारात उभे राहण्याइतकी भाषा आणि अवजार न मोडण्याइतकी अक्कल तो देऊ शकतो, आणि त्यासाठी १२० तास पुरेसे आहेत, जर त्यातले नव्वद तरी हातात अवजार असेल.

आठ_बाय_चार

संभाजीनगरजवळ माझी लहानशी फर्निचर कार्यशाळा आहे, नऊ जण काम करतात. कामावर घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. तिफण काकांचे काम थोर आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या शंभर कामांत सागवानाचे काम क्वचित असते. बाकी सगळे प्लायवूड, मायका, मॉड्युलर स्वयंपाकघर आणि कपाटे. म्हणून शिकणाऱ्याने आधी ठरवावे की त्याला कोणते काम करायचे आहे. खेड्यात राहून दुरुस्ती, दारे, खाटा, चौरंग करायचे असतील तर रंधा आणि पटाशी आधी. शहरात नोकरी हवी असेल तर मापांची यादी वाचता येणे आणि प्लायवूडचा ताव कसा कापायचा याचा आराखडा कागदावर काढता येणे आधी.

एक उदाहरण देतो. प्लायचा ताव आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. नवा मुलगा म्हणतो की चार फुटांतून दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतील. निघत नाहीत. करवतीचे पाते स्वतःच सुमारे तीन मिलिमीटर खाते, म्हणून प्रत्येक पट्टी ६०८.५ मिलिमीटरची येते आणि पूर्ण दोन फूट म्हणजे ६०९.६. मिलिमीटरभराचा हा फरक एका फळीत दिसत नाही. एका बाजूला विकत आणलेली फळी आणि दुसऱ्या बाजूला ही, असे जोडले की ड्रॉवर अडकतो आणि ग्राहक फोन करतो. हे शिकवायला मला प्रत्येक नव्या मुलामागे दोन-तीन ताव खर्चावे लागतात. स्वयंपाकघरात किंवा ओलीच्या जागी आयएस ७१० चा शिक्का असलेले प्लाय आणि इतरत्र आयएस ३०३ चे, एवढे शिक्के वाचता येणेसुद्धा वर्गातून आलेल्या फार थोड्यांना जमते.

दुसरी गोष्ट मी जरा कडक शब्दांत लिहिणार आहे. फरशी कापायच्या हातातल्या कटरला लाकडाचे पाते लावून, त्याचे संरक्षक झाकण काढून काम करण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती कोणत्याही वर्गाने शिकवू नये आणि कोणी शिकवत असेल तर विद्यार्थ्याने तिथून उठून यावे. गाठ लागली की ते यंत्र मागे उसळते. माझ्या उजव्या हाताची तर्जनी पेरापासून नाही, आणि ती मी स्वतःच्या घाईमुळे गमावली, त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता. धुळीचेही तसेच आहे. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे, आणि आपल्याकडे तोंडाला बांधायचा रुमाल घाम पुसायला वापरतात.

आडणी

मी अंबाजोगाईची. धाग्यावर बाई म्हणून मी एकटीच दिसते, त्यामुळे थोडे वेगळे लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी शनिवार-रविवार असा दहा दिवसांचा सशुल्क वर्ग केला. वर्गात सहाच जण होतो आणि प्रत्येकासमोर स्वतंत्र टेबल होते. फीचे पैसे मला तेव्हा जड वाटले होते. धागाकर्त्यांचे एकोणीस तास वाचल्यावर तो खर्च योग्य होता असे वाटते, कारण आमचे जवळपास सगळे तास हातातलेच होते.

मला मोठे कपाट करायचे नव्हते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्यासाठी उभे करायचे सगळे सामान, आडण्या (तिवया), पायऱ्या, मखर, दर वर्षी माळ्यावरून काढताना मोडके निघते. मी घडी होणाऱ्या आडण्या करून पाहिल्या. पहिल्या वर्षी चार केल्या, त्यातली एक पंचमीलाच उकलली. कारण मी सांधा न करता नुसता खिळा मारला होता आणि भोक आधी पाडले नव्हते, त्यामुळे टोकाजवळ लाकूड फाटले. गेल्या वर्षी एकवीस जोड्या दिल्या. कोणीही त्या परत आणल्या नाहीत, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र मला नको आहे.

बायकांना या वर्गांत येणारी अडचण ताकदीची नसते. मिस्त्री शिकवताना विद्यार्थ्याच्या हातावर हात ठेवून रंधा चालवून दाखवतात, ते माझ्या बाबतीत ते करू शकत नव्हते आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होत होते. शेवटी त्यांनी स्वतःचा रंधा स्वतःच्या टेबलावर चालवायचा आणि मी समोर उभी राहून तोच आरशासारखा चालवायचा, अशी पद्धत काढली. मी डावखुरी असल्यामुळे ती फारच छान जमली. शिकवणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर ही युक्ती घ्यावी. दुसरे म्हणजे रंध्याचे टेबल माझ्या कमरेपेक्षा उंच होते आणि दोन दिवस खांदे भरून आले. पायाखाली फळी टाकल्यावर तेच काम सोपे झाले.

वखरवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती. सेतूवाला दादांच्या उत्तरामुळे पीएम विश्वकर्माचा अर्ज भरण्याचा विचार मी सोडून दिला आहे. तो हक्क गावातल्या खऱ्या सुताराच्या मुलाचा आहे आणि तो परत आला तर मीच त्याला कागदपत्रे काढून देईन.

दरम्यान मी जिंतूरच्या एका मिस्त्रींना भेटलो. ते म्हणाले की आठवड्यातून तीन दिवस या, पैसे देणार नाही आणि घेणारही नाही, मात्र पहिले दोन महिने फक्त दारे उतरवायची, रंधायची आणि परत बसवायची. पावसाळ्यात फुगलेली दारे घेऊन लोक त्यांच्याकडे येतात, आणि ते बहुतेकांना परत पाठवतात. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले की श्रावणात रंधलेले दार चैत्रात दोन बोटे फट दाखवते, म्हणून घासत असेल तेवढीच जागा काढायची आणि बाकी दिवाळीपर्यंत थांबायला सांगायचे. दोन बोटे ही त्यांची अतिशयोक्ती असावी, पण मुद्दा कळला. गुण्या सर, लाकूड इतके हलते का? आणि माझ्या डुलणाऱ्या चौरंगाचे काय करू, तेही सांगावे.

गुण्या

हलते, परंतु सगळ्या दिशांना सारखे नाही. लांबीत लाकूड जवळपास हलतच नाही. रुंदीत हलते, आणि वर्तुळांच्या रेषेच्या दिशेने जितके हलते त्याच्या साधारण निम्मे केंद्राकडून सालीकडे हलते. आपल्या भागात एप्रिल-मेमधील हवा हाडासारखी कोरडी आणि ऑगस्टमधील दमट असते, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणूनच पॅनेलच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवतात आणि तिला गोंद लावत नाहीत. नवशिका तिथे भरपूर फेविकॉल ओततो आणि उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते. आपल्या मिस्त्रींना हे माहीत आहे, तेव्हा त्यांचे दार सोडू नका.

आता चौरंग. आधी तो होता त्याच जागी एक चतुर्थांश वळवून पाहावा. डुलणारा पाय बदलला तर दोष चौरंगाचा नसून फरशीचा आहे. शहाबादी फरशीवर हे नेहमी होते. पाय तोच राहिला तर चौरंग स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर ठेवावा. पायांखाली पातळ चिपा घालून वरची फळी दोन्ही दिशांनी पाणसळीत आणावी. मग सर्वांत मोठी फट जेवढी असेल तेवढ्या जाडीचा लाकडाचा ठोकळा घ्यावा, त्यावर पेन्सिल आडवी धरून ठोकळा ओट्यावर सरकवत चारही पायांना सर्व बाजूंनी रेघ मारावी आणि त्या रेघेवर बारीक दातांच्या करवतीने कापावे. अंदाजाने आधी एक पाय, मग दुसरा, असे कधीही कापू नये. दोन मांजरांचे लोणी वाटणाऱ्या माकडासारखी गत होते आणि चौरंगाचा पाट होतो.

आडणी

कापताना रेघेच्या बाहेरच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे कडेचे तुसे उडत नाहीत. हे मला तिसऱ्या आडणीनंतर सुचले.

वखरवाट (धागाकर्ता)

सरांनी सांगितल्याप्रमाणे केले. वळवल्यावर डुलणे थोडे कमी झाले, म्हणजे काही दोष फरशीचा होता, पण सगळा नव्हता. ओट्यावर ठेवल्यावर डावीकडचा मागचा पाय जवळपास एक सूत उचललेला निघाला. रेघ मारायला अर्धा तास लागला आणि कापायला दहा मिनिटे. पहिला पाय तिरपा कापला गेला, तो पटाशीने सारखा केला. पटाशीला त्याआधी धार लावली होती आणि या वेळी नखाला अडकणारी ती किनार मला पहिल्यांदाच जाणवली.

चौरंग आता देवघरात आहे. पायाखालून काढलेली पोस्टकार्डाची घडी आईने उलगडली तर ते मामांचे जुने पत्र निघाले, ते तिने वाचून डब्यात ठेवले आहे. उद्या मिस्त्रींकडे जायचे आहे, चार दारे उतरवायची आहेत.